सोजरबाईनं भाकऱ्या मोजल्या

सासूला द्यायच्या शिव्या आपल्याकडं पुष्कळ आहेत, पण जेऊर स्टेशनापासून दोन कोसांवरच्या त्या वाडीत सगळ्यात जहरी शिवी एकच होती: भाकऱ्या मोजणारी. एखादीनं सुनेला मारलं, कोंडलं, माहेरी हाकलून दिलं, तर लोक चार दिवस हळहळायचे आणि पाचव्या दिवशी विसरायचे. पण अमकी सासू दुरडीतल्या भाकऱ्या मोजते असं कानावर आलं, की त्या घरात मुलगी द्यायला माणूस दहादा विचार करायचा. शेजारची मथुराबाई मोजायची. तिच्या धाकट्याला बायको मिळायला चार वर्षं लागली ती त्यामुळंच, असं सगळे म्हणत. धाकटा एका डोळ्यानं आंधळा होता, ही गोष्ट त्यामानानं किरकोळ धरली जाई.

सोजरबाई मोजत नव्हती. सुनेच्या ताटात बघायचं नाही, हा तिचा नेम होता आणि त्याचा तिला अभिमानही होता. सकाळी ती दोन मापटी पीठ काटवटीत ओतून द्यायची, पुढच्या दळणाचा जोंधळा काढायची आणि कणगीवर परत झाकण घालायची. पुढं तव्यासमोर सून बजा. किती भाकऱ्या झाल्या, कुणी किती खाल्ल्या, बजाला किती उरल्या, यातलं काही सोजरबाई विचारत नसे. आधी नवरा आप्पा, दीर ज्ञानबा आणि मुलगा रामहरी जेवून रानात जायचे. मग सोजरबाई एक भाकरी घेऊन उंबऱ्याशी बसायची आणि ती उठली की बजा. बजा आतल्या अंगाला, दाराकडं पाठ करून जेवायची. तिला लाज वाटू नये म्हणून सोजरबाई अंगणात जाऊन उगाच शेळीशी बोलायची. सारी वाडी म्हणायची, सासू असावी तर अशी.

दुष्काळाच्या साली बजाला पहिलं मूल झालं. ते वीतभर होतं आणि नवव्या दिवशी गेलं. त्या वर्षी सगळी वाडी दुष्काळी कामावर खडी फोडायला होती, रेशनचा परदेशी मिलो जोंधळा खाऊन लोकांची पोटं बिघडली होती, पण मुलाच्या मरणाचं कारण सोजरबाईनं स्वतः शोधून काढलं. ग्रहणात बजानं वांगं चिरलं होतं. बजानं ते कबूल केलं, कारण वांगं खरोखरच चिरलं होतं. त्यानंतर दीड वर्ष ती त्या घरात खाली मान घालून वावरली आणि आता, चौऱ्याहत्तर सालच्या भादव्यात, तिला पुन्हा सहावा महिना होता. सोजरबाईनं पंचांगवाल्या गुरवाला दोनदा विचारून घेतलं. मार्गशीर्षापर्यंत ग्रहण येवो की न येवो, घरातल्या विळीला बजानं हात लावायचा नाही, असं ठरलं. हे पोर जगलं पाहिजे, यापलीकडं सोजरबाईचं देवाकडं दुसरं मागणं नव्हतं.

अशात वाडीत जीप आली. तिच्यातून एक साहेब, दोन वजनकाटे आणि येमूलबाई उतरल्या. साहेब चावडीत राहिला. येमूलबाई सोलापूरच्या विणकराघरची मुलगी, घरी तेलुगू आणि कागदावर इंग्रजी, पण मराठी अगदी नीट बोलायच्या. माणसं काय खातात आणि किती खातात याची सरकारी पाहणी होती. सहा घरं निवडली होती, त्यात सोजरबाईचं होतं. ज्या गावात खाणं कमी भरेल तिथं गरवार बायांना रोज सुकडीचा पौष्टिक खाऊ मिळणार, असं चावडीत सांगण्यात आलं. ते ऐकून लोकांनी काय करायला हवं होतं हे शहाण्याला सांगायला नको. पण घरी पाहुणा बसलाय आणि आपण कण्या शिजवायच्या? वाडीची अब्रू म्हणून काही होती की नाही!

पहिल्या दिवशी सोजरबाईनं मथुराबाईकडून शेंगा आणि गूळ आणून शेंगाच्या पोळ्या केल्या. येमूलबाईंनी एकूण एक पोळी जोखली, आकडे लिहिले आणि शेवटी त्या पानावर तिरपी रेघ मारली.

"का वं? वजन चुकलं व्हय?" सोजरबाईनं विचारलं.

"पहिला दिवस आम्ही धरत नाही," येमूलबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी साऱ्या जिल्ह्यात सण असतो."

त्या स्वतः पोळी काही खाईनात. खायचं नाही असा त्यांच्या ऑफिसचा नियम होता. शिजलेलं अन्न काट्यावर घालायचं आणि वर घासही घ्यायचा नाही, असल्या बाईला घरात घेतल्याबद्दल सोजरबाईनं मनातल्या मनात स्वतःला चार शब्द सुनावले आणि तोंडानं म्हणाली, "पाणी तरी प्या की." पाणी नियमात बसत होतं.

दुसऱ्या दिवशी पोळ्यांचं सामान संपलेलं होतं. भाकरी, हुलग्याची आमटी, ठेचा. पुरुष एकेक करून काट्यापुढं बसले. आप्पाला आपण जोखले जातोय असं वाटत असावं, कारण तो छाती काढून जेवला. आप्पा तीन. रामहरी चार. ज्ञानबा साडेतीन, आणि उठताना "आज भूक न्हाय" असंही म्हणाला. मग सोजरबाई एक. येमूलबाईंनी पान उलटलं नाही.

"आणि सूनबाई?"

"ती खाईल की मागनं," सोजरबाई म्हणाली आणि सवयीनं अंगणाकडं निघाली.

"तुम्ही बसा ना. काटा धरायला मला माणूस लागतं."

म्हणून सोजरबाई बसली. नाहीतर ती त्या दिवशीही शेळीकडं गेली असती. बजा परातीतून आपलं जेवण घेऊन आली. अर्धी भाकरी, तव्यावरची करपलेली पापुद्र्याची किनार, आमटीच्या गाडग्यात पाणी घालून खळबळलेलं वाटीभर काहीतरी. येमूलबाईंनी ते काट्यावर ठेवलं. काटा जरा हलला आणि थांबला.

सोजरबाईला वाटलं, परक्या बाईसमोर पोर लाजली. तिसऱ्या दिवशी तिनं सगळे उठल्यावर स्वतः दुरडीतलं फडकं उचललं. अर्धी भाकरी. बारा भाकऱ्या होत होत्या आणि साडेअकरा संपत होत्या, रोजच्या रोज.

"बजा, रोज एवढंच ऱ्हातंय?"

"पुरतं की, आत्या," बजा म्हणाली. रागानं नाही, रडवेलीही होऊन नाही. पाऊस नाही म्हणावं तसं.

"मग बोलायचं न्हाईस? पीठ वाडवून दिलं असतं."

बजानं चुलीतली राख मागं ओढली. सुगीपर्यंत कणगी पुरवायची आहे हे तिला सासूइतकंच माहीत होतं. आणि सुनेनं भाकरी मागायची तरी कुठल्या तोंडानं? तसली रीतच नव्हती.

सोजरबाई दुरडी हातात धरून खाली बसली. तिच्या पाच बाळंतपणांतली दोनच वाचली होती, रामहरी आणि टेंभुर्णीला दिलेली मुलगी. बाकी तिघांना कुणाची नजर लागली, कुणाला सटवी लागली, एकाचं काय झालं ते आठवतही नव्हतं. तिची सासू देवमाणूस होती. साऱ्या वाडीत नाव होतं तिचं.

"माझी सासू बी लई चांगली व्हती," ती येमूलबाईंना म्हणाली. "कधी माझ्या ताटात बगितलं न्हाय तिनं." आणि ती रडायला लागली. येमूलबाईंच्या कागदावर यासाठी रकाना नव्हता. त्यांनी पेन बंद केलं आणि तिच्याजवळ बसून राहिल्या.

पंधरा दिवसांनी साहेब निकाल घेऊन चावडीत आला. वाडीचं खाणं माणशी सरासरी ठीक भरलं होतं. दुष्काळानंतरच्या मानानं चांगलंच, असं तो म्हणाला आणि लोकांना बरं वाटलं. सुकडी मिळणार नव्हती, पण अब्रू राहिली होती. बायका चावडीत जात नसत. सोजरबाई गेली आणि खांबाशी उभी राहिली.

"सायेब, आमच्या घरात ठीक खातंय ते कोण?"

साहेब चांगला माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं. पाच माणसं, बारा भाकऱ्या, म्हणजे माणशी दोन पूर्णांक चार दशांश.

"तेवढ्या कुणीच खात न्हाय. धनी तीन खात्यात, पोरगा चार, सून अर्धी."

"बाई, ते सगळं मिळून सारखं वाटलं तर, असं धरायचं असतं."

"मग वाटायचं कुणी?"

साहेबानं कागदांवरनं नजर फिरवली. "ते या पाहणीत येत नाही," तो म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. मागं बसलेल्या येमूलबाईंनी मान खाली घातली.

"बरं," सोजरबाई म्हणाली आणि घरी आली. जे सरकारच्या पाहणीत येत नाही ते कुणाच्या तरी वाट्याला येणारच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा, ज्ञानबा आणि रामहरी हातपाय धुऊन आले, तर त्यांच्या जागेवर बजा बसली होती. बसली होती म्हणजे सोजरबाईनं तिचा दंड धरून बसवली होती. तिच्यापुढं तीन भाकऱ्या होत्या आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

"ह्ये काय?" आप्पानं विचारलं.

"जेवतीया."

"आमच्या आधी?"

"पोटातलं अजून जलमायचंय. त्येला घाई हाय."

बजाला घास उतरेना. "आत्या, बगू नगासा की," ती पुटपुटली.

"बगणार," सोजरबाई म्हणाली. "आजवर बगितलं न्हाय तीच चूक झाली. गिराणाचं काय न्हवतं गं बजा. वांग्याचं बी न्हवतं. म्या उगाच तुला बोल लावला."

आप्पा भिंतीकडं बघत राहिला. पहिलं नातवंड पुरायला तोच गेला होता. त्यानं पटका उचलला आणि ओसरीवर जाऊन बसला.

उरलेल्या नऊ भाकऱ्या सोजरबाईनं सगळ्यांच्या देखत मोजल्या. दीड स्वतःला, कारण तिचंही पोट होतं हे तिला पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं. साडेसात तिघांत, अडीच अडीच. ज्ञानबानं आपली अर्धी हातात घेऊन ती कुठून तुटली असावी ते बराच वेळ बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यानं ही गोष्ट पारावर सांगितली आणि सोजरबाईची तीन वर्षांची कीर्ती दुपारपर्यंत संपली. संध्याकाळी मथुराबाई मुद्दाम येऊन म्हणाली, "आगं, मी मोजती ती कमी पडू नये म्हणून. तू तर गड्यांच्या तोंडचं काडाया मोजतीस." तिला मनापासून आनंद झाला होता.

"गावात त्वांड दाखवाया जागा ठिवली न्हाईस," आप्पा बायकोला म्हणाला.

"मग रानात जावा. जोंधळा त्वांड बगत न्हाय."

तो गेला. काही दिवस त्यानं अर्धपोटी कुळव धरला आणि मग एक दिवस जेवताना अडीचातली अर्धी काढून दुरडीत परत टाकली. सोजरबाईनं ती बघितली. ती आता सगळंच बघत होती. ती अर्धीही तिनं बजाच्या पुढं ठेवली आणि कुणाची आहे ते सांगितलं नाही. बजा जेवायची, पण पाठमोरी वळायची खोड तिची जात नव्हती. सोजरबाई उठून पुन्हा तिच्या तोंडासमोर येऊन बसायची. दोघींचं हे रोज चाले. वाढलं तेवढं बजा खाई, वर कधी मागत नसे, आणि ताटातलं संपलं की हात धुऊन मोकळी होई.

मार्गशीर्षात बजाला मुलगी झाली. थोराड नव्हती, पण रडली ती अशी, की ओसरीवरचा आप्पा दचकून उठला. नववा दिवस आला. आप्पा रानात गेला नाही. दहावा उजाडला, पोरगी तोंड उघडून दूध शोधत होती, आणि सोजरबाईनं दारात जाऊन मोठ्यानं नाक शिंकरलं.

अकराव्या दिवशी सकाळी ती बाळंतिणीपुढं रोजच्यासारखी बसली होती. कणगी तळाला लागली होती आणि जोंधळा कापायला अजून दोन महिने होते. त्या दिवसाच्या भाकऱ्या संपलेल्या होत्या, दुरडी पालथी घालून ठेवली होती, चुलीतला जाळ विझवलेला होता. बजानं पोरीला पदराखाली घेतलं होतं. ताट रिकामं झालं होतं, पण तिनं हात धुतला नव्हता. ती ताटाकडं बघत होती. मग तिनं मान वर केली. त्या घरात येऊन तिला तीन वर्षं झाली होती.

"आत्या," ती म्हणाली, "अजून अर्धी हाय का?"

सोजरबाईनं हाय म्हणून सांगितलं. मग ती उठली, आतल्या अंगाला गेली आणि चूल पेटवायला बसली.