रंगाचा एकच हात

आमचे हे रस्त्यावर पट्टे मारतात. सिग्नलजवळची थांबायची रेघ, माणसांनी ओलांडायचे पट्टे, वळणाचे बाण, सगळं. सव्वीस वर्षं झाली. पहाटे धुक्यात रंगाची गाडी घेऊन निघतात, मागे पांढरी रेघ उमटत जाते आणि हे कुठल्या तरी भलत्याच मुलखात असतात. दुपारी डुलकी लागली तरी उजवा हात चादरीवर सरळ सरकत राहतो. मी तो धरते, तेव्हा कुठे माणूस जागा होतो.

असल्या माणसाला कुणी लायसन दिलं, देव जाणे. वर्षात तीनदा पावती फाटली. एकदा दिवा हिरवा झाला तरी हे थांबूनच, कारण समोरच्या बाणाचं टोक किती छान जमलंय ते बघत बसले होते. दुसऱ्यांदाही तसलंच काहीतरी. तिसऱ्यांदा दिवा लाल आणि गाडी रेघेच्या पुढे. कॅमेऱ्याने नेमकं टिपलं. तिसरी पावती म्हणजे कोर्ट, आणि कोर्टाच्या मनात आलं तर सहा महिने लायसन जप्त. लायसन नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर गोदामात डबे उचलायचे. पत्र वाचून हे एवढंच म्हणाले की गोदामाला खिडकी नाही.

पण मी हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नाही. चौकात गेले, त्या रेघेचा फोटो काढला. इतकी पुसट, की बोट ठेवून दाखवावी लागेल. अर्जही मीच लिहिला. रेघ दिसत नव्हती म्हणून गाडी पुढे गेली, तरी कृपा करून सूट मिळावी. तिथे गेल्यावर एवढंच म्हणायचं, रेघ दिसली नाही, असं ह्यांना तीनतीनदा बजावलं. हे मान डोलवत होते. लक्ष कुठे होतं कुणास ठाऊक.

कोर्टाची खोली उंच छताची. खिडकीतून दुधट ऊन आत आलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. पंखा इतका सावकाश फिरत होता की त्याची पाती वेगवेगळी दिसत. पुकारे कुठून तरी लांबून आल्यासारखे वाटत. सगळ्यांवर एक गुंगी चढली होती, माझ्यावरसुद्धा. आमच्याआधी पाच जण होते, पाचही त्याच चौकात पावती फाटलेले. एक दंतवैद्य उठला आणि म्हणाला, रेघ दिसली नाही. मग शाळेच्या बसची ड्रायव्हर, तिचंही तेच. प्रत्येक वेळी हे बाकावर जरासे आकसत. मला कळेना. मला तर बरंच वाटत होतं, आपली बाजू आपोआप भक्कम होत चालली होती. पाचव्यानेही तेच सांगितलं तेव्हा कारकून म्हणाला, ती रेघ मारणाऱ्यालाच धरून आणा. सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

पुकारा व्हायच्या आधीच हे उभे राहिले. न्यायाधीश बाईंनी अर्ज चाळून विचारलं, तुमचंही तेच का?

"नाही," हे म्हणाले. "रेघ होती. मला दिसत होती. मीच मारलीय."

मी कपाळावर हात मारून घेतला. खरंच मारला, शेजारच्या बाईने वळून बघितलं.

मग पुढे का गेलात, असं बाईंनी विचारलं. हे म्हणाले, रेघेची कड कुठे झिजलीय तेच बघत होतो, गाडी सरकलेली कळलीच नाही. आणि मग बाकांकडे बोट दाखवून बोलले, घरात महिनाभरात बोलत नाहीत इतकं.

"ही माणसं खोटं बोलत नाहीत. रंगाचे दोन हात द्यावे लागतात, मी एकच दिला होता. मला सूट नाही मिळाली तरी चालेल, ह्यांना द्या."

दंतवैद्य खाली बघायला लागला. असं कितीदा केलंत, बाईंनी विचारलं. सव्वीस वर्षांत एकदाच, हे म्हणाले. का केलंत? ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीतल्या उन्हाकडे बघत राहिले. बाईंनी पुन्हा विचारलं, मग नाद सोडला.

पाचही जणांचा दंड माफ झाला. ह्यांचा कायम राहिला. लायसन मात्र जप्त नाही, पण ती रेघ आठ दिवसांत ह्यांनीच पुन्हा मारायची. माझ्या जिवात जीव आला आणि मागोमाग राग आला.

बाहेर पायऱ्यांवर मी ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. कारण सांगितलं असतं तर दंडही सुटला असता. तोंडाला कुलूप का लावलं? असं काय आभाळ कोसळलं होतं त्या दिवशी, की दुसरा हात द्यायला सवड झाली नाही?

"त्या दिवशी डॉक्टर तुझ्या डोळ्यांची पट्टी काढणार होते," हे म्हणाले. "पट्टी निघेल तेव्हा समोर तुम्हीच पाहिजे, असं म्हणाली होतीस."

मी म्हणाले होते खरं. आणि हे होतेही समोर, धापा टाकत, बाहीवर ओला पांढरा रंग. तो मला अगदी स्वच्छ दिसला होता, आणि पहिलं वाक्य मी काय बोलले होते, तर निदान कपडे तरी बदलून यायचं.