न धरलेला हात

इंग्लंडच्या उत्तरेला राहत असताना शेजारच्या एडिथ आजींबरोबर मी एकदा रग्बीचा सामना पाहायला गेले. गावचा संघ हरत होता, आणि आजींचा चेहरा खुलत चालला होता.

"हा आपलाच संघ ना?" मी विचारलं.

"माझ्या वडिलांना यांनी हाकललं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या.

वडील खाणकामगार होते आणि याच संघातून खेळायचे. सामन्यापायी खाणीतली कामाची पाळी बुडायची, म्हणून त्यांनी क्लबाकडे बुडालेली मजुरी मागितली. पैशासाठी खेळणं सभ्य माणसाला शोभत नाही, असं म्हणत कप्तानाने, म्हणजे खाणमालकाच्या मुलाने, त्यांना काढून टाकलं. ते शेजारगावच्या नव्या व्यावसायिक संघात गेले. पुढे गावच्या या क्लबानेही मुकाट्याने खेळाडूंना पगार सुरू केले आणि दोन्ही संघ समोरासमोर आले. वडिलांनी त्याच कप्तानाला चिखलात लोळवलं आणि सामना जिंकला. शेवटी त्याने हात पुढे केला. वडिलांनी त्या हाताकडे नीट पाहिलं आणि ते चालू लागले.

"नंतर कधी वाईट वाटलं त्यांना?"

"छे. मरेपर्यंत ते ही गोष्ट हसत सांगायचे."

क्षमेने मन हलकं होतं, असं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण आजींच्या डोळ्यांतला तो वारशाने आलेला राग इतका स्वच्छ होता, की ती शिकवण बाजूला ठेवून मी समोरच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या.