दोसिंदाच्या गॅलरीतलं समुद्रशेवाळ

दोसिंदाने उभ्या जन्मात कुणाला खताबद्दल विचारलं नव्हतं. लोकच तिला विचारत. ओहोटीला चिखलात वाकून शिंपल्या काढायच्या आणि उरलेला दिवस घरामागच्या तुकड्यात राबायचं, यातच तिचं आयुष्य गेलं. तिचे बटाटे कार्नोताच्या किनाऱ्यावर नावाजलेले होते. ते तिलाही पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे बोलण्यात जरा तोरा असायचा. या उन्हाळ्यात मात्र दोन कुंड्यांनी तो तोरा पार उतरवला होता.

कुंड्यांत गांजा होता, नवऱ्यासाठी लावलेला. आमारोची हयात मासेमारीच्या बोटीवर गेली. आता पोटातल्या गाठीसाठी दवाखान्यात त्याला औषधं चढवत होते, आणि ती चढली की त्याला अन्न समोर नको व्हायचं. भाच्याने दिलेल्या पुडीतलं चिमूटभर ओढलं की मळमळ थांबायची, चार घास पोटात जायचे. भाचा कामासाठी स्वित्झर्लंडला गेला तो दोन रोपं मावशीच्या हवाली करून. पुडी आता तळाला आली होती. रोपांना नुकती फुलं धरू लागली होती आणि पानांची टोकं करपून आत वळत होती. ही रोपं गेली तर हिवाळाभर हा माणूस खाणार काय?

शेवटी ती बस पकडून शहरात गेली. तिथल्या ब्रेइशोच्या दुकानात फक्त याच झाडाचं सामान मिळायचं. फडताळभर रंगीत बाटल्या पाहून तिला औषधांच्या दुकानात आल्यासारखं वाटलं.

"पाला वाढवायचं खत आता बंद करा, मावशी," करपलेल्या टोकांचं ऐकून ब्रेइशो म्हणाला. "फुलांच्या दिवसांत हे दुसरं. पण आधी सांगा, मातीत काय घातलंय?"

दोसिंदाने वसंतात दोन्ही कुंड्यांत समुद्रशेवाळ कोंबलं होतं. तिच्या आईनेही तेच केलं असतं. पण त्या चकाचक बाटल्यांसमोर ते सांगायची तिला लाज वाटली.

"काही नाही. नुसती माती."

"नक्की ना? टोकं जळतात ती दर वेळी भुकेने नाही. कधी कधी खाऊन खाऊन अजीर्णही होतं."

"माझ्या हातचं खाऊन आजवर कुणाला अजीर्ण झालेलं नाही," ती फणकारली.

ब्रेइशो हसला. त्याने बाटली बांधून दिली आणि बाटलीवर लिहिल्याच्या निम्मंच घाला म्हणून बजावलं. घरी येऊन दोसिंदाने पुरतं माप घातलं. जीव घाबरलेला असला की हात आवरत नाही, आणि दोसिंदाचा तर एरवीही आवरत नसे. पुढच्या काही दिवसांत खालची पानं वाळून गळायला लागली.

ती दिवसातून दहादा काचबंद गॅलरीत जाऊन बघायची. घरापुरतं लावलेलं चालायचं, पण रस्त्यावरून दिसलं तर दंड होता, म्हणून कुंड्या काचेआड ठेवल्या होत्या आणि समोर कायम चादरी वाळत घातलेल्या असत. स्वयंपाकघरात आमारो कोबी-बटाट्याच्या सारात चमचा नुसता फिरवत बसायचा.

"चव नाही गं याला," तो म्हणायचा.

"चव आहे. तुला भूक नाही. झाड येऊ दे, मग बघ," ती म्हणायची आणि वाडग्यात आणखी एक पळी ओतायची.

एके सकाळी समोरची ओब्दुलिया न विचारता जिना चढून आली आणि तिने सरळ चादर बाजूला सारली. दोसिंदाच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं, घाबरतेस काय? अख्ख्या गल्लीला वास येतोय. कुणी विचारलं तर आम्ही आपलं म्हणतो, दोसिंदाकडे आज पुन्हा मासे शिजतायत." ओब्दुलियाने वाकून कुंडीतली शेवाळाची काळी पट्टी उचलली आणि जिभेला लावली. तिचं तोंड वाकडं झालं. "खारट आहे की हे. यावर कधी पाऊस पडला होता का?"

आता दोसिंदाच्या ध्यानात आलं. दोघींच्या आया शरद ऋतूत गाडीभर शेवाळ शेतात पसरत आणि हिवाळाभर त्यावर पाऊस कोसळत राही. आधी मीठ धुऊन काढा, असं कुणी कधी सांगितलंच नाही. सांगायची गरजच नव्हती, आभाळच ते काम करायचं. इथे काचेखाली पावसाचा एक थेंब पडला नव्हता. मिठाने पोळलेल्या मुळांवर तिने वर बाटलीतलं खतही ओतलं होतं.

"मीच मारलं त्यांना," ती म्हणाली आणि स्टुलावर मटकन बसली.

"मेलेली नाहीत अजून. ऊठ, पाणी आण."

दोघींनी हाताला लागेल तेवढं शेवाळ उपसून काढलं. मग त्या विहिरीवरून बादल्या आणून हळूहळू मातीत ओतत राहिल्या. कुंडीखालच्या परातीत तपकिरी पाणी जमायचं. दोसिंदा त्यात बोट बुडवून चाखायची, तोंड वेडंवाकडं करायची, पुन्हा ओतायची. गलबला ऐकून आमारो काठी टेकत दारात आला. बायकोचे भिजलेले कपडे पाहून तो कितीतरी दिवसांनी हसला.

"जन्मभर समुद्र चाखला मी. माझ्या झाडाचं पाणी मला न विचारता चाखता?" तो म्हणाला. भिंतीला धरून तो वाकला, परातीतलं पाणी बोटाने जिभेवर ठेवलं आणि जाणकारासारखे डोळे मिटले. "झालं. गोडं पाणी. मिठाचा अंशही नाही."

त्याच परातीत दोसिंदाने नुकतंच बोट बुडवलं होतं. तिची जीभ अजून मिठाने चरचरत होती. तिने ओब्दुलियाकडे पाहिलं. ओब्दुलियाने मान खाली घातली.

चव नाही गं, असं तो रोज सांगत होता. आणि ती रोज एक पळी जास्त वाढत होती.  

"हो रे, गोडं झालं," ती म्हणाली. "तू बस जा आत, दमशील."

तो आत गेल्यावर तिने रिकामी बादली उचलली आणि पुन्हा विहिरीकडे निघाली.