भोंगा न वाजवता आलेलं पाणी

बायकोला समुद्र बघायचा होता. कोकणातल्या समुद्रकाठच्या एका डोंगरी किल्ल्याचं चित्र आमच्या कॅलेंडरवर होतं, महिना उलटला तरी तिनं ते पान फाडू दिलं नाही. बघायच्या आधीच ती गेली. म्हटलं, आपण जाऊन बघावं आन् घरी येऊन तिच्या फोटोला सांगावं. रोज संध्याकाळी तिच्याशी बोलतोच मी.

लेक सोबत आली. सकाळी लवकर वाळूतून चालत किल्ल्याखाली पोचलो. लेकीला आईसारखीच उंचावर भोवळ येते. पाण्यापासून लांब एक सपाट काळा खडक होता. तिला म्हणालो, "इथंच बस. मी येईपर्यंत हलू नको." तिची पिशवी मीच खांद्याला घेतली.

चढ मला नवा नाही, देवगिरी लई वेळा चढलोय. दम लागला, पण वर पोचलो. तटावरून खाली पाहिलं. वाळू निम्मी गायब. लेकीच्या खडकाला चारी बाजूंनी पाणी. हाका मारल्या, त्या वाऱ्यानं माझ्याच तोंडावर आणून टाकल्या. फोन लावला, तो खांद्यावरच्या पिशवीत वाजला.

आमच्याकडं पाणी चढतं ते पावसानं, नाहीतर धरण सोडल्यावर. सोडायच्या आधी भोंगा वाजतो, माणसं-ढोरं काठावरून वर येतात. इथं आभाळ कोरडं आन् पाणी मुकाट चढत होतं.

कसा उतरलो ते आठवत नाही. डोक्यात एवढंच, एक गेली, आता हीच राहिली.

खाली आलो तर लेक वाळूवर उभी, कमरेपर्यंत भिजलेली. एका कोळणीनं तिला हाताला धरून बाहेर काढलं होतं.

"पाणी दिसलं तवाच उठायचं ना," मी लेकीवर खेकसलो.

"तुम्हीच म्हणले हलू नको."

"मी म्हणलो म्हणून मरशील काय?"

मी कोळणीला विचारलं, "बाई, पाणी यायच्या आधी इथं भोंगा नाय वाजवत?"

"कसला भोंगा? गाव कुठलं, आजोबा?"

"संभाजीनगर."

"तरीच. भरती रोज येते, तिला काय भोंगा लागतो?" टोपली उचलून ती चालू लागली.

लेक ओढणी पिळत होती.

"आबा, वरून कसा दिसला समुद्र?"

"बघितलाच नाय. वर जाऊन मी नुसता तुझा खडक बघितला."

"मग आईला काय सांगणार?"

"उद्या परत चढू," मी म्हणालो. "तू बी यायचं. भोवळ आली तर माझा हात धर. खाली एकटी नाय ठेवायचो तुला."