कुस्तीच्या पोस्टरची लिंक

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी आमच्या दैनिकाची न छापलेली बातमी शहरातल्या फोनांवर फिरू लागली. बातमी एका दूध संस्थेच्या कारभाराची होती. ती छापायची की नाही, हे संध्याकाळी ठरणार होते.

बातमीचा खर्डा ऑफिसातल्या सर्व्हरवर होता. आमची वेबसाइटही त्याच सर्व्हरवर चालते. बाहेरून कोणी खर्डे मागितले तर मिळत नसत. आतून मागितले तर पासवर्डही लागत नसे. घाईच्या वेळी तो कोण टाकत बसणार, म्हणून आम्हीच काढायला लावला होता. सर्व्हरवरची नोंद सांगत होती की खर्डा आतूनच उघडला गेला. त्या वेळी बाकीचे आम्ही पन्हाळ्याला एका कार्यक्रमात होतो. ऑफिसात उपसंपादक बाई एकट्याच होत्या.

"आतनंच गेलंय की! भुतानं उघडलं व्हय?" मालक म्हणाले.

"माझा फोन घ्या, बघा," बाई म्हणाल्या. "मी न्हाय पाठवलं."

"पाठवून पुसता येतंय की, ताई."

त्यांना घरी बसायला सांगण्यात आले. मला काहीच जुळत नव्हते. बाईंचा संगणक तपासला. त्यावर खर्डा उघडल्याची खूण नव्हती. बाकीचे संगणक बंद होते. म्हणजे आतून मागणी झाली होती आणि मागणारा कोणी नव्हता. मी नोंदीची ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मागणी करणाऱ्याच्या जागी सर्व्हरचाच पत्ता होता.

वेबसाइट सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला विचारले. तो म्हणाला, "सर्व्हर स्वतःलाच कशाला मागंल? मलाबी कळंना झालंय."

काही दिवसांनी आमच्या वेबसाइटला जोडलेल्या एका प्लगइनच्या, म्हणजे छोट्या जोड-प्रोग्रॅमच्या, निर्मात्यांची सूचना आली. आमच्या वेबसाइटवर गावोगावी भरणाऱ्या कुस्ती मैदानांची पोस्टर फुकट लावतात. आयोजक फॉर्ममध्ये पोस्टरची लिंक भरतो, प्लगइन तिथे जाऊन चित्र आणते आणि फॉर्म भरणाऱ्याला दाखवते. लिंक कुठली आहे हे ते तपासत नाही, असे सूचनेत होते. लिंकच्या जागी आमच्याच सर्व्हरचा आतला पत्ता दिला, तर सर्व्हर स्वतःच जाऊन खर्डा आणून बाहेरच्याच्या हातात देतो. तंत्रज्ञाने त्या दुपारचे फॉर्म काढले. मुरगूडच्या मैदानाच्या नावाने भरलेल्या एका फॉर्ममध्ये पोस्टरच्या जागी आमच्या खर्ड्याचा पत्ता होता.

मालकांनी बाईंना माझ्यासमोर फोन लावला. "या की परत. तुमचं काय न्हाय त्यात."

"मग खुलासा छापा."

"तुमच्याबद्दल छापलंच न्हाय, तर खुलासा कशाचा?"

"गावभर झालंय ते? भाजी घेताना बायका इचारतात, कितीला इकली बातमी म्हणून."

मालकांनी माझ्याकडे पाहिले. खुलासा मी लिहायला घेतला. बातमी बाईंनी दिली नाही, हे एका वाक्यात झाले. कोणी नेली, ते वाक्य तीनदा लिहून खोडले. फॉर्मवरचा फोन नंबर बंद होता. मुरगूडला विचारले, फॉर्मवरच्या तारखेला तिथे कुस्त्यांचे मैदान भरलेच नव्हते.

खुलासा चौथ्या पानावर एका वाक्याचा छापून आला. प्लगइन काढले आणि खर्ड्यांना पासवर्ड लावला. बाई दुसऱ्या दिवशी कामावर आल्या.