उस्तादाला कोण विचारतं

माझा भाऊ खोटं बोलत नाही, असं लोक म्हणतात. डोंबलाचं बोलत नाही. रोज बोलतो, आणि तेही दोनच शब्दांत: ‘ठीक आहे.’

सगळी नोकरी त्याने फौजेत नव्या पोरांना शिकवण्यात घालवली, म्हणून त्याला अख्खा गाव उस्ताद म्हणतो. मी म्हणत नाही. मी त्याची थोरली बहीण. त्याचं शेंबडं नाक मी माझ्या फ्रॉकला पुसलेलं आहे, त्यामुळे त्याच्या मिशीचं मला काडीचं कौतुक नाही.

माझी लॉन्ड्री आहे. पुढे काउंटर आणि इस्त्रीचं टेबल, मागे हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी रचायची खोली, आणि वर आम्ही दोघं राहतो. फौज सोडून आल्यावर एक दिवस म्हणाला, “ताई, शनिवारी दुपारी मागची खोली देशील? आमच्या फौजेतले काही जण बसतील.” मला वाटलं, पत्ते कुटणार असतील. दिली.

पत्ते कसले! पहिल्याच दिवशी माझे गठ्ठे कोपऱ्यात ढकलले आणि सगळ्या खुर्च्या भिंतीला लावल्या. दाराकडे पाठ करून बसायला एकही जण तयार नाही, मागून कोण येईल ही फौजेतली धास्ती अजून अंगात. मध्ये मोकळी जमीन आणि भोवती ही मंडळी, दात उपटून घ्यायला आल्यासारखी. त्यात एक ड्रायव्हर, एक फौजी नर्स, एक बिगुल वाजवणारा, आणि आणखी काही. दार लागलं की बाहेरच्या माणसाने आत यायचं नाही, हा नियम. माझ्याच खोलीत मी बाहेरची.

मग बिगुलवाला गेला. दुपारी माझ्या भावाने फोन करून विचारलं, “कसा आहेस?” तो म्हणाला, “एकदम ठीक, उस्ताद.” आणि त्याच संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने जीव दिला.

मला त्या ‘ठीक’ची चीड आहे. यांना तेच शिकवलेलं असतं. वरच्याने विचारलं की पाय तुटलेला असला तरी ठीक म्हणायचं. आणि शिकवणारा कोण, तर आमचाच दिवटा.

त्यानंतर भावाने नवी पद्धत घातली. ‘कसा आहेस’ विचारायचंच नाही. प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून दिला. त्याने रोज फोन करून विचारायचं, “आज काय जेवलास?” जेवलेला माणूस पटकन सांगतो. न जेवलेला अडखळतो. अडखळला की जोडीदाराने डबा घेऊन त्याच्या घरी जायचं, उपदेश करायचा नाही, नुसतं समोर बसायचं. आणि सगळ्यांची खबर उस्तादाला द्यायची. खरं सांगते, पद्धत चांगली होती. ड्रायव्हर कित्येक महिने घराबाहेर पडला नव्हता, तो आता बेकरीची गाडी चालवतो.

पण खबर खालून वर जाते. वरच्याला कोण विचारणार? त्याला जोडीदारच नव्हता. त्याने स्वतःला दिला नाही, आणि बाकीच्या शहाण्यांच्या डोक्यातही आलं नाही. त्यांच्या जगात उस्तादाला असलं काही विचारतच नाहीत.

मी मात्र बघत होते. ताट न्यायचा वर खोलीत, आणि मला अन्न सापडायचं कचऱ्याच्या डब्यात, कागदात नीट गुंडाळून. विचारलं तर ठीक आहे. न्हाणीघरात नळ सोडून तासन्‌तास बसायचा. तरी ठीक आहे. मग घड्याळ नर्सला देऊन टाकलं. आपले जिवापाड जपलेले बूट ड्रायव्हरला दिले, म्हणे घट्ट होतात. इतकी वर्षं झाले नाहीत ते. मला बिगुलवाला आठवला, आणि त्यामागून असा संताप आला की विचारू नका.

त्या शनिवारी मी इस्त्री बंद केली आणि सरळ दार ढकलून आत गेले.

“ताई, बाहेर जा,” भाऊ म्हणाला. “बैठक चालू आहे.”

“खोली माझी आहे,” मी म्हटलं. मग बाकीच्यांकडे वळले. “हा काय जेवला, हे तुमच्यापैकी कुणी कधी विचारलंय? एकमेकांच्या ताटात बघता, याचं ताट दिसत नाही? घड्याळ घेतलंत, बूट घेतलेत. बिगुलवाल्यानेही जाण्याआधी आपल्या वस्तू अशाच वाटून टाकल्या होत्या, ते विसरलात?”

ड्रायव्हर पायातल्या बुटांकडे बघत राहिला.

“उस्तादांना कसं विचारायचं, ताई?” नर्स हळूच म्हणाली.

“तोंडाने,” मी म्हटलं.

“मी ठीक आहे,” भाऊ म्हणाला.

तेव्हा ड्रायव्हर उठला. आयुष्यभर या माणसाला टरकून असलेला तो, सवयीने ताठ उभा राहिला. “उस्ताद, आज काय जेवलात?”

“खाली बस.”

तो बसला नाही. “काय जेवलात?”

“भात.”

“कशाशी?”

माझा भाऊ अडखळला. घरात भात शिजलाच नव्हता, हे मला ठाऊक होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “काही नाही,” म्हणाला. “जात नाही घशाखाली. बिगुलवाल्याचा आवाज येतो, एकदम ठीक म्हणतो.”

ड्रायव्हर बाहेर गेला आणि गाडीतून पाव घेऊन आला. भिंतीची एक खुर्ची ओढून त्याने उस्तादासमोर मांडली आणि बसला. दाराकडे पाठ करून. पाव पुढे केला. “खा. मी आहे इथे.” त्याची मान घामाने भिजली होती.

भाऊ त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिला. त्याच्यासाठी पहारा देत होता. बघता बघता त्याने पावाचा तुकडा मोडला आणि चावायला लागला.

माझा राग काही उतरला नव्हता. मी दारात जाऊन उंबऱ्यावर उभी राहिले, तो पाव संपवीपर्यंत. काउंटरवर गिऱ्हाईक हाका मारत होतं. त्याला म्हटलं, थांब.