मानीबाईनं तार अडवली

पुसदजवळच्या त्या तांड्यात मानीबाईच्या तोडीची बाई झाली नाही, कोणालाही विचारा. लहानपणी बापासोबत तिनं धान्याच्या गोण्या लादलेले बैल घाटातून हाकले होते. आता घरी एकटी. एकुलता एक हिरासिंग हवाईदलात, नॅट नावाच्या लढाऊ विमानांच्या तोफा साफ करायला.

पासष्टची लढाई पेटली आणि तांड्याचा प्रमुख असलेल्या रामलाल नायकाच्या रेडिओभोवती अख्खा तांडा गोळा झाला. शत्रूचं सेबर विमान केवढं थोरलं, त्याला सहा बंदुका! आपलं नॅट एवढंसं, तोफा दोनच! झालं. पिढ्यान् पिढ्या बैलांवर माल लादून फिरलेली ही माणसं. पाठीवर जास्त पेलेल तो बैल चांगला, एवढंच त्यांना ठाऊक. विमानालाही त्यांनी तेच माप लावलं आणि आपलं हरलं असं ठरवून मोकळी झाली की हो!

"मानीबाई, पोराले बोलावून घे," नायक म्हणाला. "माय मरायले टेकली, अशी तार ठोकतो पुसदहून. त्याचा जीव तं वाचन!"

खोटं कशाला सांगा, बाईच्या अगदी ओठांवर 'हो' आलं होतं. पोटचा गोळा तो! पण उन्हाळ्यात सुट्टीवर आलेल्या हिरासिंगचं बोलणं तिला आठवलं.

"नायका, तुमी वझ्याचा, लदेनीचा बैल पाहून राह्यले," ती म्हणाली. "हे झुंज हाय. घाटात थोरले बैल धापा टाकत, अन् माहा बुटका बैल कवाचा वर जाऊन उभा राहे. हिरा मले म्हने, याडी, नॅट तसंच हाय. लवकर नजरेत येत नाही, अन् झपकन वर चढते."

"मंग तं बरंच झालं! जिंकनच ते. हिराचं तिथं काय अडलं?" नायकही काही कमी नव्हता.

"नॅटची तोफ ऐनवेळी अडकते म्हने. म्हनून हिरा तिले जिवापाड जपते. अडकली तं वर विमानात बसलेल्या पोरानं काय करावं? त्यालेबी माय असन ना! तार नाही करायची."

एवढं बोलून बाई ताठ मानेनं घरी गेली, आणि दार लावून ढसाढसा रडली.

काही दिवसांनी बातमी आली, नॅटनं सेबर पाडलं! तांड्यात नगारा दणाणला. नायक नाचतच तिच्या दारात आला. "पाडलं वं, मानीबाई, पाडलं!"

ओढणीनं डोळे पुसत तिनं विचारलं, "अन् विमानातला आपला पोरगा उतरला का खाली सुखरूप?"

रेडिओनं ते सांगितलं होतं की नाही, नायकाला काही केल्या आठवेना.